दादाच्या दगडातलं पाणी

मी एक दगड फोडला. तो माझा नव्हता. वहिनींनी तो दोन दिवसांच्या बोलीवर माझ्या हातात दिला होता आणि मी तो भरलेल्या सभागृहात, टाळ्या मिळतील म्हणून फोडला. त्यानंतर चार वर्षं मी त्या दगडाबद्दल खोटं बोलत राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगताना मी हळूच स्वतःची बाजू मांडायला लागतो. ती सवय अजून गेलेली नाही.

दगड मिळाला तो नव्वदच्या दशकात, आमच्या निमगाव साव्याच्या रानात विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा. मी मंचरला शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. पदवी भूशास्त्राची, नोकरी मास्तरची. सुट्टीला घरी आलो की थोरला भाऊ मला विहिरीच्या काठावर उभं करायचा आणि माणसांना ओरडून सांगायचा, "सरका रं, दगडांचा डाक्टर आला! बघ रं डाक्टर, नाडी लागतीय का खडकाची."

मुरूम संपून काळा खडक लागला होता. त्याच्याखाली बारीक बारीक भोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक निघाला. सुरुंग उडवून झाला की यारीच्या पाळण्यातून फुटक्या दगडांचं डबर वर यायचं आणि दादा त्या ढिगात हात घालून काहीतरी शोधत राहायचा. एका दुपारी तो काठावर आला तेव्हा त्याच्या हातात वांग्याएवढा, वांग्याच्याच आकाराचा एक राखाडी दगड होता. बाहेरून खडबडीत, बघण्यासारखं काही नाही. त्याने तो माझ्या कानाशी धरून हलवला. आत पाणी चुळबुळलं.

मी असं फक्त पुस्तकात वाचलं होतं. तिथेच डबरावर बसून मी त्याला समजावून सांगितलं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. मग खूप काळ गरम पाणी त्या खडकातून झिरपत राहतं. पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे गारगोटीचं खनिज, बुडबुड्याच्या भिंतीवर थरावर थर चढवत जाते, बाहेरून आतल्या बाजूला. शेवटी वाट बुजते आणि उरलेलं पाणी आतच कोंडलं जातं.

दादा म्हणाला, "म्हंजी गिऱ्हाईक आत असतानाच दुकानाचं शटर पाडलं."

वर्गात मी पुढे कितीदा तरी हे वाक्य वापरलं. दादाचं म्हणून कधी सांगितलं नाही.

मी म्हणालो, "हा पुण्याला नेतो. मधोमध कापून घेऊ. आत सुंदर स्फटिक असतील."

"फोडायचा न्हाई," दादा म्हणाला. "आत काय हाय ते तू सांगितलंस ना? मग झालं. बघायलाच कशाला पायजे?"

त्या दिवसांत संध्याकाळी काम सुटल्यावर आम्ही दोघं त्या ढिगाऱ्यावर पडून राहायचो. एकदा पूर्वेला तांबूस तारा दिसत होता. तो मंगळ आहे आणि तिथला खडकही आपल्या ह्या खडकासारखाच काळा, ज्वालामुखीतून आलेला आहे, असं मी सांगितल्यावर दादा उठून बसला.

"मग तिकडं पण सोनंनाणं घावंल?"

मी त्याला जे सांगितलं ते आजही तसंच सांगेन. सोनं, तांबं, लोखंड हे थोडंथोडं सगळीकडेच असतं, आपल्या बांधावरच्या दगडातही असतं. पण ते असं विखुरलेलं असेपर्यंत कुणाच्या कामाचं नाही. कुणीतरी ते एका जागी गोळा करावं लागतं. गोळा करण्याचे मार्ग थोडेच. एक गुऱ्हाळासारखा. कायलीत रस उकळला की मळी वर येते आणि गाळ खाली बसतो. तसा वितळलेला खडक सावकाश थंड झाला तर जड खनिजं तळाला बसतात, हलकी वर तरंगतात. चंद्रावर असं झालं असावं. त्याला पाणी लागत नाही. दुसरा मार्ग पाण्याचा. खालून आच असली की पाणी खडकाच्या भेगांतून फिरतं, वाटेतलं काय काय विरघळवून घेतं आणि जिथे थंड होतं तिथे टाकून देतं. आपल्या पृथ्वीवरच्या कितीतरी खाणी अशाच झाल्यात. मंगळावर ज्वालामुखी होते. मोठाल्या उल्का आदळून जमीन तापत होती आणि जमिनीत बर्फ होता. तो वितळून काही काळ जरी फिरला असेल, तर तिथेही गार, मातीची खनिजं, लोखंडाची खनिजं, कदाचित तांबंसुद्धा एखाद्या भेगेत साठून राहिलं असेल. बघितलं कुणी नाही, पण असायला हरकत नाही.

दादा म्हणाला, "म्हंजी आधी पाणी पायजे. हितं काय आन् तिथं काय." मग हसून म्हणाला, "मंगळावर हीर खणायची असंल तर आपली यारी भाड्यानं देऊ. पर डिझेल त्यांचं."

विहिरीला पाणी लागलं. वहिनींनी काठावर सात आसरांचे, पाण्यातल्या देवतांचे, सात खडे मांडले, शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या आणि खण ठेवले. तो दगड त्यांनी आसरांजवळ ठेवला आणि पूजा झाल्यावर उचलून घरात देव्हाऱ्यात नेला. पाणी घेऊनच वर आलेला दगड, तो रानात कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं.

दोन-तीन वर्षांनी दादा गेला. मंचरच्या बाजाराला कोथिंबीर टाकून मोटारसायकलवरून परत निघाला होता. नाशिक रस्त्यावर, कळंबच्या जरा पुढे, ट्रकने उडवलं. पुतणी तेव्हा पहिली-दुसरीत असेल. दादाचे कपडे वहिनींनी गड्याला देऊन टाकले, मोटारसायकल भंगारात गेली. फोटो एकच, लग्नातला, त्यात टोपीमुळे अर्धा चेहरा सावलीत. राहिला तो दगड. पुतणी शाळेत जाण्याआधी देव्हाऱ्यापाशी जायची, दगड कानाशी धरून हलवायची आणि मग दप्तर उचलायची. "पप्पांचं पाणी," म्हणायची. वहिनी तिला कधी अडवायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "दोन्ही हातांनी धर गं."

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

पुढे मंगळावर गाड्या उतरल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या खडकांत पाण्याच्या खुणा सापडल्या, असं पेपरात येऊ लागलं. शाळा-शाळांतून मला बोलावणी यायला लागली. 'परग्रहांवर खनिजं कशी घडतील?' हे माझं व्याख्यान जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बऱ्यापैकी गाजलं होतं. मग जुन्नरच्या एका महाविद्यालयातून निमंत्रण आलं. माझ्यासारख्या शाळामास्तरला महाविद्यालयाचं बोलावणं. मी हुरळलो. निमगावला जाऊन वहिनींकडे दगड मागितला.

"दोन दिवसांत आणून देतो," मी म्हणालो.

त्यांनी तो नव्या खणात गुंडाळला. "पोरांना ऐकवा, भावजी. ह्यांना लई आवडलं असतं. पर पडू देऊ नका."

व्याख्यान रंगलं. बाकं भरून पोरं मागे उभी होती. शेवटी मी दगड काढला, माइकला लावून हलवला. तो आवाज सभागृहभर ऐकू आला आणि सगळे गप्प झाले. तिथे थांबलो असतो तर काही घडलंच नसतं. मागून एका पोराने विचारलं, "सर, आत पाणीच आहे कशावरून? वाळूबी असंल!" सगळे हसले. पहिल्या रांगेतले एक प्राध्यापकही हसले. माझ्या मानेपासून कानांपर्यंत गरम झालं.

मी म्हणालो, "प्रयोगशाळेत हातोडी आहे का?"

मला वाटलं होतं, टोकाला हलका ठोका दिला की टवका निघेल, पाणी दिसेल. भूशास्त्राचा विद्यार्थी होतो मी, दगड फोडण्यात हात बसलेला. पण भिंत एका बाजूला फारच पातळ होती. दगडाचे चार-पाच तुकडे झाले आणि दोन चमचे पाणी टेबलावरच्या हिरव्या कापडावर पडलं. बघता बघता मुरलं. आतून पांढरेशुभ्र, साखरेसारखे स्फटिक चमकत होते. टाळ्या वाजत राहिल्या. मी हात वर करून सांगत होतो, "बघा! हेच पाणी! माणूस जन्मला नव्हता तेव्हाचं!" पोरं पुढे आली. "सर, मला एक." "सर, शाळेसाठी एक." आणि मी तुकडे वाटून टाकले. उदार होऊन वाटले. शिपाई आला आणि फडक्याने टेबल पुसून गेला.

परतीच्या एस्टीत मांडीवर पिशवी होती. तिच्यात घडी घातलेला खण होता. नारायणगाव आलं तेव्हा मी उतरून निमगावची गाडी धरायला हवी होती. मी उतरलो नाही. तसाच मंचरला घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी त्यांच्या शेजाऱ्यांकडून फोन केला. मी म्हणालो, "दगड पुण्याच्या एका संस्थेनं तपासायला ठेवून घेतलाय. मोठी माणसं आहेत. नाही म्हणता आलं नाही."

मग त्या म्हणाल्या, "ह्यांचा दगड? पुण्याला?" त्या आवाजात कौतुक होतं. मला रागाची भीती होती. कौतुकाची तयारी मी केली नव्हती.

मग ते वाढत गेलं. दरवेळी त्या विचारायच्या, दरवेळी मी काहीतरी जोडायचो. अजून तपासतायत. दुसऱ्या दगडांशी ताडून बघतायत. मंगळावरच्या खडकांत पाण्यानं काय केलं असेल, ते ह्याच्यावरून ठरवतायत. एकदा गावच्या जत्रेला गेलो तर वहिनी अंगणात बायकांना सांगत होत्या, "आमच्या हिरीत जसं झालं ना, तसंच मंगळावर झालं असंल म्हणं. पाणी फिरलं, गरम झालं, जाताना काय काय ठिवून गेलं. आता पाणी नसंल तिथं, पर ठिवलेलं हाय."

एक म्हातारी म्हणाली, "मग तुझ्या मालकाचा दगड मंगळावर पाठिवत्यात का काय?"

"अगं न्हाई, ताडून बघत्यात नुसतं. भावजींना इचार."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी मान डोलावली. वहिनी सांगत होत्या ते शास्त्र बरोबर होतं. सगळं मीच शिकवलेलं.

पुतणी मोठी झाली. लग्न ठरलं. जावई चाकणला कंपनीत कामाला, शांत पोरगा. वहिनी विधवा म्हणून कन्यादानाला बसणार नव्हत्या. तसं आमच्यात बसत नाहीत. मी आणि माझी बायको बसणार हे न बोलता ठरलेलं होतं. दादा गेल्यापासून पुतणीचं सगळं मीच बघत आलो, असं मी स्वतःला सांगायचो.

लग्नाच्या याद्या झाल्या त्या दिवशी जेवणं आटपल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, कन्यादानाला तुमी बसा. पर शेजारी एक पाट मोकळा ठिवायचा. त्याच्यावर ह्यांचा दगड मांडायचा. बाप म्हणून. आता तेवढा आणा तुमी तिकडून."

"बघतो," मी म्हणालो.

जावई मध्येच बोलला, "काका, कुठली संस्था आहे? मला शनिवारी सुट्टी असते. आईंना गाडीवर घेऊन जातो. त्यांनाही बघायचंय."

पुतणी म्हणाली, "मलापण!"

मी म्हणालो, "नको नको, मीच आणतो. लग्नाआधी आणतो."

आणि मग मी आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं काम केलं. लेण्याद्रीच्या पायऱ्यांखाली एकाकडे चमकणारे दगड विकायला असायचे, त्याच्याकडून तसाच, वांग्याच्या आकाराचा, न फोडलेला पोकळ दगड शोधून आणला. मंचरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानात जाऊन त्याला बारीक भोक पाडून घेतलं. "शाळेच्या प्रयोगाला," म्हणालो. घरी मोरीत बसून इंजेक्शनच्या सिरिंजने आत नळाचं पाणी भरलं. नळाच्या गळतीला लावतात ते सील लावून भोक बुजवलं, वर दगडाचा भुगा चोळला. वाळल्यावर कानाशी धरून हलवलं. हुबेहूब तसाच आवाज आला. बायको दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो खणात गुंडाळून निमगावला नेला. तोच जुना खण. पुतणी हळदीच्या पुड्या मोजत होती, ते टाकून धावत आली. तिने दगड घेतला. दोन्ही हातांनी. डोळे मिटून कानाशी लावला, हलवला, आणि तिचा चेहरा असा झाला की मला तिथे उभं राहवेना.

"आई! पप्पांचं पाणी आलं!"

वहिनी चुलीपाशी होत्या. हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी हात पुढे केले तेव्हा मी म्हणालो, "तो नाही तो."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी सांगितलं. जुन्नर, हातोडी, वाटलेले तुकडे, पुण्यात कुणीच काही ठेवून घेतलं नव्हतं हे, आणि मोरीत बसून भरलेलं पाणी. पुतणीने दगड ओट्यावर ठेवला आणि हात ओढणीला पुसले.

वहिनींनी विचारलं, "पाणी कुठं सांडलं?"

"टेबलावर."

"मग?"

"शिपायानं पुसलं."

"कशानं?"

"फडक्यानं."

मला राहवेना आणि मी बोलत सुटलो. म्हणालो, वहिनी, तसं बघितलं तर ते पाणी फार जुनं असेलच असं नाही. अशा दगडांना दिसणार नाहीत अशी बारीक छिद्रं असतात, पाणी आत-बाहेर होत असतं, काही दगड तर नुसते घरात ठेवूनसुद्धा कोरडे पडतात. हे मी नंतर वाचलं होतं. आणि ते खरंही होतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी मला समजावून सांगताय."



"कन्यादानाला माझा भाऊ बसंल," एवढं बोलून त्या आत गेल्या. पुतणीही त्यांच्या मागे गेली. मी तो नकली दगड उचलला आणि विहिरीत न टाकता पिशवीत घालून परत आणला. त्या विहिरीत तो टाकायचाही मला अधिकार नव्हता.

लग्न झालं. मामा-मामींनी कन्यादान केलं. त्यांच्या शेजारी दादासाठी मोकळा ठेवलेला पाट होता, त्यावर तांदळाची रास आणि राशीवर सुपारी. जुन्या माणसांनी माझ्याकडे बघून कुजबुज केली. एकाने विचारलंच, "काय मास्तर, चुलता असून मांडवाच्या कडंला?" मी म्हणालो, "वाढायला माणसं कमी आहेत," आणि बुंदीचं ताट घेऊन पंगतीत शिरलो. पाठवणीच्या वेळी पुतणी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पाया पडली. गळ्यात पडली नाही.

गाड्या गेल्यावर मांडव ओस पडला. ऊन कलायला आलं होतं. वहिनी सांडलेले तांदूळ सुपात भरत होत्या. मी जाऊन त्यांच्यासमोर खाली बसलो. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबवला. गेल्या कित्येक दिवसांत मी मनात मोठमोठी वाक्यं जुळवली होती. त्यात दादा होता, माझी शाळा होती, मंगळ होता, पश्चात्तापासारखे शब्द होते. त्यातलं एकही मी वापरलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "दादानं फोडू नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी फोडला. तुमचा होता, तुम्हाला विचारलं नाही. पोरीला खोटं पाणी ऐकवलं. चुकलो मी. मला माफ करा."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.